बॅग तुम्ही भराल, उघडेल दुसरंच कुणी : इंदूरला माहेरी बाळंतपणासाठी आलेल्यांची तयारी

माझ्या पहिल्या बाळंतपणात पहाटे पावणेतीनला लेबर रूमचं दार अर्धं उघडलं आणि सिस्टर म्हणाल्या, "बच्चे के कपड़े दीजिए, और एक सूती कपड़ा." बाहेर माझा धाकटा भाऊ एकटाच होता. आई फॉर्म भरायला खाली गेलेली, नवरा पुण्याहून निघालेल्या बसमध्ये, सेंधव्याच्या आसपास. बॅग मी दोन महिने खपून भरली होती. यादीतली एकूण एक वस्तू तिच्यात होती. पण झबली तळाशी होती, माझ्या गाउनांच्या खाली, गाठ मारलेल्या पिशवीत. भावानं अख्खी बॅग बाकड्यावर उपसली आणि शेवटी जे हाताला लागलं ते दिलं: माझा तोंड पुसायचा नॅपकिन आणि सहा महिन्यांच्या बाळाला होईल असा स्वेटर.

बाळाला दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळलं, काही बिघडलं नाही. पण ते दोन-चार मिनिटं भाऊ किती घाबरला होता हे त्यानं मला वर्षभरानं सांगितलं. दुसऱ्या वेळी मी बॅग भरली ती त्याच्यासाठी. कारण ज्या क्षणी बॅगेतलं काही लागतं, त्या क्षणी तुम्ही टेबलावर असता आणि चेन कुणीतरी दुसराच ओढत असतो. पुढचं सगळं त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

आधी दवाखान्यात विचारा

सातव्या महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हाच विचारून घ्या. बाळाचे कपडे दवाखाना देतो की घरचे लागतात? पॅड, गाउन, चादर कोण देतं? बाहेरचं जेवण चालतं का? रात्री सोबत किती जण थांबू शकतात, आणि आत कुणाला येऊ देतात? रात्री कुठलं फाटक उघडं असतं? शेवटचा प्रश्न मुद्दाम लिहिला आहे. कळा सुरू असताना बंद फाटकासमोर उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

खासगी दवाखान्यांत प्रत्येकाची रीत वेगळी. एमटीएच किंवा पी. सी. सेठी यांसारख्या सरकारी रुग्णालयात जाणार असाल, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम माहीत असू द्या. २०११ पासून देशभर लागू असलेल्या या योजनेत सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि घरून दवाखान्यापर्यंत नेणं-आणणं हे सगळं मोफत आहे. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवसांपर्यंत जेवणही. गाडीसाठी १०८ लावायचा. तरीही बाळाचे कपडे आणि स्वतःचे पॅड घरचेच न्या.

३६व्या आठवड्यापर्यंत बॅग दाराशी तयार हवी. जुळी असतील, वार (प्लासेंटा) खाली असेल, बीपी वाढत असेल, तर ३२व्यालाच भरा. पुण्या-मुंबईहून माहेरी येणाऱ्यांनी इथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवायला नवव्या महिन्याची वाट पाहू नये. आयत्या वेळी आलेल्या अनोळखी बाईची हकीकत डॉक्टरांना कागदांवरूनच कळणार. म्हणून पहिलं काम कागदांचं.

फाइल : हिला बॅगेत टाकू नका

फाइल वेगळी, हातात धरायची. आपण खोलीत पोचण्याआधी ती काउंटरवर लागते.

सर्वात वर एक कागद, मोठ्या अक्षरात, मराठी आणि हिंदी दोन्हींत चालेल असा: तुमचं नाव, वय, रक्तगट, कितवं बाळंतपण, तारीख कोणती दिली आहे, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रोजच्या गोळ्या (थायरॉईड, बीपी, साखर), आधी सिझेरियन किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन झालं असेल तर ते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर लाल पेनानं लिहा. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला, तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं आणि हे घरातल्या किमान एका माणसाला पाठ असायला हवं.

त्याखाली सगळ्या सोनोग्राफी तारखेनं लावून, शेवटची वर. मग रक्ताचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं, विम्याचं कार्ड. जुनं सिझेरियन असेल तर त्या वेळचा डिस्चार्जचा कागद विसरू नका. या वेळी काय करायचं हे बरंचसं त्यावर ठरतं. मध्य प्रदेशात राहणाऱ्यांनी समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) आणि बँकेच्या पासबुकाची प्रत ठेवावी. सरकारी रुग्णालयात प्रसूती झाली की जननी सुरक्षा योजनेतून इथे शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात १,४०० रुपये आईच्या खात्यात येतात.

प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आधीच काढा. रात्री दोनला झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं. शिवाय सगळ्याचे फोटो तुमच्या, नवऱ्याच्या आणि भावाच्या फोनवर पाठवून ठेवा. विमा असेल तर हा दवाखाना कॅशलेसच्या यादीत आहे का हे आधीच पाहा. पुण्याच्या कंपनीनं दिलेला विमा इथल्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये चालेलच असं नाही.

बॅगेत बॅग नको, तीन पिशव्या ठेवा

एका मोठ्या बॅगेत तीन वेगळ्या रंगांच्या कापडी पिशव्या करा. मी जुन्या ब्लाउजपिसांच्या शिवल्या होत्या. निळी: आत जाताना. पिवळी: बाळाची. लाल: बाळंतिणीची. प्रत्येकीवर जाड मार्करनं लिहा. पिवळी सगळ्यात वर. आता कुणी दार उघडून काही मागितलं, तर तुम्ही आतून ओरडून सांगू शकता, "पिवळी दे!"

निळी पिशवी

हिच्यात थोडंच: पुढून उघडणारा सुती गाउन, केस बांधायला दोन रबरबँड, मऊ स्लिपर, मोजे, नळी असलेली पाण्याची बाटली (आडवं पडून पिता येतं), ओठांना लावायला तूप किंवा मलम, चष्म्याची डबी. लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्माच.

दागिन्यांचं आधीच ठरवा. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा हातात असतो आणि तो निघत नाही. सलाइन लावताना काचेच्या बांगड्या अडतात, आणि सिझेरियनला न्यायचं ठरलं की सगळंच उतरवावं लागतं: मंगळसूत्र, जोडवी, चमकी, सगळं. त्या घाईत बांगड्या फोडायची वेळ आली की आई-सासूबाईंच्या मनाला उगीच लागतं. नववा लागला की एका शांत दुपारी तेल-साबण लावून आईच्याच हातानं चुडा उतरवा. ती बाळंतपणानंतर परत भरेल. नेलपॉलिशही काढा. बोटाला लावायच्या यंत्राला त्यातून ऑक्सिजन नीट वाचता येत नाही.

पिवळी पिशवी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

अगदी वर, वेगळ्या छोट्या पिशवीत, पहिला संच: दोन मोठे मऊ सुती तुकडे, एक टोपडं, एक झबलं, एक लंगोट किंवा सगळ्यात लहान मापाचं डायपर, पायमोजे. सिस्टर मागतात ते एवढंच. एका तुकड्यानं बाळ पुसतात, तो ओला होतो, दुसऱ्यात गुंडाळतात. म्हणून तुकडे दोन हवेत. नुकतं जन्मलेलं बाळ भराभर गार पडतं आणि डोक्यातून बरीच ऊब जाते, म्हणून टोपडं. बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवलं तर ऊब सगळ्यात चांगली मिळते. असं ठेवता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

त्याखाली बाकीचं: सहा झबली पुढून बंदांची (डोक्यातून घालायची नकोत, बटणं नकोत, सेफ्टी पिन तर मुळीच नको), चार दुपटी, बारा लंगोट, एक ब्लँकेट, पुसायला कापूस आणि मऊ तुकडे. पावसाळ्यात लंगोट वीस घ्या. इथे श्रावणात दोरीवर दोन-दोन दिवस कापड ओलं राहतं. डिसेंबर-जानेवारीत माळव्याची थंडी रात्री दहा अंशांखाली जाते, तेव्हा लोकरीचं हवंच, पण सुती झबल्यावरून. अंगाला थेट लोकर नको. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असले तरी खोलीत एसी असतो, त्यामुळे टोपडं तेव्हाही न्या. थोडक्यात, आपल्या अंगावर जेवढं, त्याहून एक थर बाळाला जास्त.

कापड कोणतं? राजवाड्याजवळच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून मलमल आणून घरी शिवता येतं आणि फार सुंदर होतं. पण नव्या कापडाला खळ असते. दोनदा धुतल्याशिवाय ते बाळाला घालू नका. धुताना साधा साबण, वासाचं काहीही नको. उन्हात वाळवा, इस्त्री फिरवा, स्वच्छ पिशवीत बांधा.

"बाळ यायच्या आधी काही आणू नये" असं आमच्या घरात आजीचं होतं, तुमच्याही असेल. तिच्याशी वाद घालू नका, आपली जुनी रीत आहेच की. पहिलं झबलं दुसऱ्या सुदृढ बाळानं वापरलेलं घालायचं, आणि दुपटी आजीच्या विरलेल्या नऊवारीची. मी मावसबहिणीकडून कपडे मागून आणले, आजीचं मन राहिलं, आणि दहा वेळा धुतलेलं ते सूत इतकं मऊ होतं की दुकानात तसं मिळालं नसतं.

इथे एक सावधगिरी, आणि ती कृपा करून हलक्यात घेऊ नका. ट्रंकेतले जुने कपडे, कुंची, शाल यांत डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते आणि ती आधी कळत नाही. अशा बाळाच्या पेशी डांबरगोळीच्या वासाच्या कपड्यानेही फुटू शकतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाते. वास येतोय असं कापड पिशवीत घालूच नका. धुऊन, उन्हात बरेच दिवस ठेवूनही वास राहिला तर बाजूला करा, मग ती पणजीची कुंची का असेना. बारशाला फोटोपुरती शेजारी ठेवा.

पिवळ्या पिशवीत काय नको: दुधाची बाटली, पावडरचा डबा, ग्राइप वॉटर, काजळ, टाल्कम पावडर, मध, गुटी. इथे "घुट्टी" देण्याची मोठी हौस असते, सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात. मध वर्षाच्या आत द्यायचा नाही; त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार) होऊ शकतो. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. सुरुवातीचा दाट पिवळा चीक अगदी थोडा येतो आणि त्याला तेवढाच पुरतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. पावडरच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंद आहे. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दूध लिहून दिलं तर गोष्ट निराळी. आजीला मात्र मान द्या. चाटवण्याऐवजी बाळ पहिल्यांदा तिच्या मांडीवर द्या, कानात काय सांगायचं ते ती सांगेल. आमच्याकडे तेवढ्यानं भागलं. आंघोळीचीही घाई नको, पहिले २४ तास तरी नाही, आणि नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

लाल पिशवी

पुढून उघडणारे तीन-चार गाउन, गडद रंगाचे. मोठे प्रसूती-पॅड दोन पाकिटं. पहिले दोन-तीन दिवस स्राव नेहमीच्या पाळीपेक्षा खूप जास्त असतो, साधे पॅड पुरत नाहीत. पण तासाभरात पॅड भिजून गेलं, असं लागोपाठ झालं किंवा गाठी पडल्या, तर कुणाची वाट न पाहता सिस्टरना बोलवा. मोठ्या मापाच्या सुती चड्ड्या, सिझेरियनला कंबर उंच असलेल्या, म्हणजे टाक्यांवर इलॅस्टिक येत नाही. नाडीचा परकर त्या दिवसांत नकोच. दूध पाजायच्या ब्रा दोन, नेहमीपेक्षा मोठ्या. शाल, कानाला रुमाल.

झाकणाला भोकं पाडलेली एक प्लास्टिकची बाटली ठेवा. खाली टाके असतील तर लघवीच्या वेळी कोमट पाण्याची धार सोडली की आग होत नाही. ही युक्ती मला शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितली, आणि त्या तीन दिवसांत मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. सिझेरियन झालं तर एक छोटी उशी हवी. खोकताना, उठताना ती पोटाशी धरायची.

खाण्याचं सोपं ठेवा. थर्मास, वाटी-चमचा, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. पहिलं खाणं कधी आणि काय हे डॉक्टर सांगतील, सिझेरियननंतर तर त्यांच्या शब्दाबाहेर घोटभर पाणीही नको. मग पेज, मऊ भात, साजूक तूप, मेतकूट. डिंक आणि अळीव सियागंजातून आणून ठेवा, पण लाडू घरी परतल्यावर. भेटायला येणारे पोहे-जिलबी आणि शेव घेऊन येतात, इंदूरचा तो लोभच आहे. ते सोबत्यांनी खावं.

सोबत थांबणाऱ्याची पिशवी

ही बहुतेक घरांत कुणी भरतच नाही. लांब वायरचा चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, चादर, हवेची उशी, एक जोड कपडे, पेन, छोटी वही. रोख पैसे, त्यात दहा-वीसच्या नोटाही. रात्री औषधाच्या दुकानात नेटवर्क नसलं की फोनमधल्या पैशांचा उपयोग नाही. महत्त्वाचे नंबर कागदावर. रक्त देऊ शकतील अशा दोघांची नावं, त्यांना आधी विचारून. बहुतेकदा लागत नाही, पण लागलं तर त्या घटकेला फोन फिरवत बसणं फार वाईट.

आत सोबत कोण, हेही ठरवा. सरकारी प्रसूतिगृहात कळांच्या वेळी एका बाईला सोबत राहू द्यावं असं केंद्राचं २०१६ पासूनचं धोरण आहे, शक्यतो स्वतः बाळंत झालेली. आईच असेल तर तिला जवळ चष्मा आणि बीपीची गोळी ठेवायला सांगा.

एकदा तालीम करा

बॅग भरून झाली की भावाला, नवऱ्याला, जो असेल त्याला समोर बसवा. तुम्ही हात लावू नका. म्हणा, "बाळाचे कपडे दे." मग "माझा शेवटचा सोनोग्राफीचा रिपोर्ट दे." त्याला शोधावं लागलं तर चूक मांडणीची आहे, पुन्हा लावा.

रस्त्याचंही बघा. तारीख रंगपंचमीच्या आसपास असेल तर गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडचे रस्ते त्या दिवशी मिळणार नाहीत. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, तेव्हाही तेच. दुसरा रस्ता दिवसा एकदा गाडीनं जाऊन पाहा. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न पाहता निघा. बॅग राहिली तरी चालेल, फाइल घ्या.

सुट्टीच्या दिवशी

इथे डिस्चार्जला "छुट्टी" म्हणतात. निघण्यापूर्वी बाळाच्या कार्डावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी (हा २४ तासांच्या आत द्यायचा असतो) लिहिलेत ना ते पाहा.

मग जन्मनोंदणीचा फॉर्म, आणि इथे आपल्या लोकांनी डोळ्यांत तेल घालून बसावं. नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. बाळाचं नाव लिहा म्हणून घाई केली तर सांगा, आमचं बारसं बाराव्या दिवशी. नावाची जागा रिकामी ठेवता येते आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. आईबापांची नावं मात्र तेव्हाच जातात. हिंदीत लिहिणाऱ्यांच्या हाताला ळ ची सवय नसते. काळेंचे काले होतात, पिंगळेंचे पिंगले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून लागणार आहे. म्हणून फाइलच्या आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी आधीच ठेवा: आई आणि वडील दोघांची नावं, आधारवर जशी आहेत अगदी तशी, देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगसह. काउंटरवर तोंडी सांगू नका, चिठ्ठीच पुढे करा. आणि फॉर्म पुढे जाण्याआधी एकदा स्वतः वाचा, बाळ मांडीवर असलं तरी.